राम रामाला बंदी

“मढ्याला नेताना बी वाटंतला माणूस हात जोडतो, राम म्हणतो, आन् ह्या बाबानं जित्या माणसाच्या राम रामाला बंदी घातली! ऐका हो हिंगोलीकर, ऐका!”

हे ओरडणं माझ्या वेल्डिंगच्या दुकानासमोर भर दुपारी चाललं होतं. ओरडणारा माझा सख्खा साडू, भास्कर. पुसेगावहून एसटीनं खास ओरडायला आला होता. तिकीट काढून ओरडायला येणारा माणूस साधा नसतो. आवाज असा, की तिकडं मार्केट यार्डात हळदीचा लिलाव चालला होता, तिथल्या एका व्यापाऱ्यानं तो बोली समजून भाव वाढवला म्हणतात. मी काही बघायला गेलो नव्हतो. पण लोक खोटं कशाला सांगतील?

ओरडताना त्याचा एक हात माझ्या विकायला ठेवलेल्या, हळद शिजवायच्या कुकरवर होता. मला शब्दांपेक्षा तो हात जास्त टोचत होता.

“साडूभाऊ, हात काढा. रंग वला हाय.”

रंग वाळून जमाना झाला होता.

तेवढ्यात माझी बायको सुमन चहा घेऊन बाहेर आली. “दाजी, आदी च्या घ्या. मंग वरडा,” म्हणाली. पहिला कप त्याला. मला नंतर. भास्कर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे सासरवाडीचा थोरला जावई. लग्न झाल्यापासून पहिला पाट त्याचा, पहिलं ताट त्याचं, अधिक महिन्यातलं जाड पोताचं धोतर त्याचं आणि त्यातून उरलेलं ते माझं. जळतो मी. उघड सांगतो. दिवसभर ठिणग्यात बसणारा माणूस जळणार नाही तर काय गार पडणार?

आता हे सगळं कळायचं तर माझं काम कळायला पाहिजे. संपादकांनी “तुमच्या कामावर लिहा” म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, हा वेल्डिंगवर लिहील. वेल्डिंग काय, काळा चष्मा लावला की कुणीही करतं. माझं खरं काम दुसरं. मी चावडी राखतो.

चावडी म्हणजे इंटरनेटवरची. जिल्ह्यातल्या लोकांनी जुनं-पानं विकायची जागा. माझ्या भाच्यानं ती बांधून दिली, “मामा, फक्त लक्ष ठेवा” म्हणाला आणि नोकरीला निघून गेला. लक्ष ठेवता ठेवता माझे डोळे गेले, केस गेले, आणि अर्ध्या जिल्ह्याशी बोलाचाली गेली. म्हैस, पेरणीयंत्र, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, दाराची चौकट, काय वाट्टेल ते लोक तिथं विकायला मांडतात. एकानं चालू विहिरीची जाहिरात टाकली होती. विहीर घेऊन जायची जबाबदारी घेणाऱ्याची.

चावडीची रीत अशी. ज्या जाहिरातीखाली शेवटचं उत्तर पडलं, ती जाहिरात सगळ्यात वर. मग दुसऱ्या कुणाखाली उत्तर पडलं की ती वर आणि ही खाली. खाली गेलेली जाहिरात म्हणजे नळाच्या रांगेतली मागची घागर. पाणी येतं, पण आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून लोक काय करतात, तर आपल्याच जाहिरातीखाली येऊन “वर” असं लिहितात. लिहिलं की जाहिरात उसळी मारून वर येते. घागर पुढं सरकवायचीच ती एक तऱ्हा. आणि नळावर जशी घागरीवरून डोकी फुटतात, तशी इथंही फुटतात. ती फुटू नयेत म्हणून नियम करणं आणि पाळायला लावणं, हे माझं काम. पगार नाही. मान होता म्हणतात. मला काही दिसला नाही.

पहिला नियम मला एका रावसाहेबांमुळं करावा लागला. दांडगी जमीन, दांडग्या मिशा. त्यांनी ट्रॅक्टर विकायला टाकला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला.

“काहून हो, माझ्या ट्रॅक्टरवर शेळी बसवली तुमी?”

“मी न्हाई बसवली, रावसाहेब. शेळीला कुणीतरी भाव इचारला, म्हनून ती वर गेली.”

“कुणाची हाय शेळी?”

“हाय एका गरिबाची.”

“गरिबाची शेळी आमच्या ट्रॅक्टरच्या वर? पंगतीत कोण कुटं बसवायचं ते तुमाला कळत न्हाई का?”

त्यांना वाटलं, मीच पानं मांडतो. समजावून थकलो. शेवटी त्यांनी घरचे, दारचे, सालगडी, त्यांचे पाहुणे, सगळ्यांना फोन हातात देऊन बसवलं. दिवसभर नुसतं “वर”, “वर”, “वर”. ट्रॅक्टर इतका वर गेला, की आणखी थोडा गेला असता तर विमानवाल्यांनी तक्रार केली असती. तेव्हा मी लिहिलं: जाहिरातवाल्यानं व त्याच्या घरच्यांनी जाहिरात दिवसातून एकदाच वर घ्यावी. आणि नुसतं “वर” लिहू नये. मालाबद्दल काही नवीन असेल तर सांगावं.

नवीन सांगा म्हटल्यावर लोकांनी सांगायला सुरुवात केली. “आज म्हशीनं पाणी पिलं.” “कडबा कापायचं मशीन काल जितं व्हतं तितंच हाय.” सेनगावकडची एक बाई शिलाई मशीन विकत होती. ती रोज सकाळी एक ओळ लिहायची. “सासू म्हणली, मशीन इकू नको. इकणारच.” दुसऱ्या दिवशी, “सासूनं सुई लपवली.” तिसऱ्या दिवशी, “सुई घावली. सासूच्या उशाखाली व्हती.” सगळा जिल्हा चहा खाली ठेवून वाट बघायचा. मशीन विकलं गेलं तेव्हा लोकांना चुटपुट लागली. मला तिचाही हेवा वाटला. माझ्या कुकरला सासू नव्हती.

दुसरा नियम बोकडानं करायला लावला. सटवा नावाच्या माणसानं बोकड विकलं, पण रोज जाहिरात वर घ्यायचं सोडेना. मी फोन केला.

“सटवा, बोकड गेलं ना रं?”

“गेलं की.”

“मंग वर काहून घेऊन राहिला?”

“बोकड गेलं, अप्पा. नाव ऱ्हाऊ द्या की वर. बरं वाटतंय.”

शेवटी ज्यानं बोकड नेलं होतं त्यानंच खाली लिहिलं, “हे बोकड आमी ऐतवारी खाल्लं. चांगलं व्हतं.” त्यावर लोकांनी विचारलं, “अजून हाय का?” आणि मेलेलं, शिजलेलं, पचलेलं बोकड पुन्हा सगळ्यात वर. मग नियम केला: माल विकला की “गेला” लिहावं. “गेला” लिहिल्यावर जाहिरात कुणीही वर घेऊ नये. घेतल्यास चावडीवाला तिला कुलूप लावेल. कुलूप म्हणजे मग तिथं कुणालाच काही लिहिता येत नाही. हा नियम नीट ध्यानात ठेवा. ह्याच नियमानं पुढं माझा गळा धरला.

आता कुकर. आमच्याकडं हळद उकरली की ती वाफेवर शिजवावी लागते. शिजल्याशिवाय वाळत नाही, वाळल्याशिवाय बाजारात जात नाही. त्यासाठी लोखंडी भांडं असतं. खाली पऱ्हाटीचा जाळ, मधे पाणी, वर ड्रममधे हळद. त्याला आम्ही कुकर म्हणतो. असा एक कुकर मी स्वतःच्या हातानं बनवला होता. दोन ड्रमचा. जोड असे मारले, की बोट फिरवलं तर बोटाला कळू नये लोखंड कुठं संपलं आणि मी कुठं सुरू झालो. पण कुकर विकायचा हंगाम बारका. शेतात हळद उकरायच्या आत गेला तर गेला, नाहीतर वर्षभर अंगणात उभा. एक हंगाम तसाच गेला होता. कोंबडीनं त्यात अंडी घातली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “अप्पा, गेला न्हाई का अजून?” जिल्ह्याच्या वस्तू विकून देणारा चावडीवाला, आणि त्याचाच कुकर दारात. ह्या हंगामात गेला नाही तर सुमन त्यात करडं बांधणार होती. तसं तिनं सांगूनच ठेवलं होतं.

त्याच सुमाराला भास्करनं आपला कुकर चावडीवर टाकला. जुना. ड्रमला ठिगळ. आणि ते ठिगळ कुणी मारलेलं? मीच! साडू म्हणून कमी भावात.

माझी जाहिरात अशी होती: “हळदीचा कुकर विकणे आहे. दोन ड्रम. भाव पक्का. घ्यायचा नसल्यास चौकशी करू नये.” स्वच्छ, सरळ, नियमात.

त्याची जाहिरात अशी: “राम राम मंडळी. मी पुसेगावचा भास्कर. हळद शिजवायचा कुकर द्यायचा हाय. जुना हाय पर घरातल्या म्हाताऱ्यावानी, काम करतो. बघायला या, च्या घेऊन जा. घेतलाच पायजे असं न्हाई.”

झालं. आपल्या माणसाला कुणी राम राम घातला आणि त्यानं परत घातला नाही, असं कधी झालंय? वैऱ्यानं घातला तरी हात आपोआप वर जातो. वाटेनं जाणारा प्रत्येक जण भास्करच्या जाहिरातीखाली थांबायचा आणि लिहायचा, “राम राम भास्करराव.” “राम राम पाव्हणं.” “राम राम, हळद कशी हाय औंदा?” एक राम राम पडला की जाहिरात वर. त्यात त्याच्या बोटाला काम नाही. दिवसातून एकदाच वर घ्या म्हणावं, तर तो घेतच नव्हता. लोक घेत होते. ज्याला कुकर नको, ज्याच्या रानात हळदीचं पान नाही, तोही येऊन राम राम घालून जायचा. मी माझी जाहिरात सकाळी नियमानं एकदा वर घेई. “कुकर आज पुसला.” चहा संपायच्या आत ती खाली आणि वर भास्कर, दात काढून.

आणि त्या राम रामात एक रोजचा होता. माझ्यासमोर चुलीपाशी बसून, एका हातानं भाकरी उलटत, दुसऱ्या हातानं फोनवर माझी बायको लिहायची: “राम राम दाजी. ताईला सांगा, लोणचं पाठवलंय.” भाकरी इकडं, राम राम तिकडं. ती ओळ माझ्या फोनवर उमटायची तेव्हा पापुद्रा सुटायचा. भाकरीचाही आणि माझाही.

मी काय हातावर हात ठेवून बसलो? चावडीवाल्याकडं एक खिळा असतो. एखादी गोष्ट खिळ्यानं ठोकली की ती कायम वर राहते. स्वतःचा कुकर ठोकला असता तर लोकांनी मला ठोकलं असतं. म्हणून मी नियम ठोकले. नियम वर असायलाच पाहिजेत. आणि नियमांच्या शेवटी, लोकांना समजावं म्हणून, नमुन्याची जाहिरात दिली: “उदाहरणार्थ: हळदीचा कुकर विकणे आहे, दोन ड्रम, हिंगोली,” आणि खाली, उदाहरणादाखलच, माझा फोन नंबर.

सकाळी भास्करनं तिथं लिहिलं, “नियम आवडले. उदाहरण तर लईच आवडलं. राम राम.”

जिल्हाभर लोक हसले. ज्यांना दात नव्हते तेही हसले. मी उदाहरण काढलं आणि त्याच रागात तिसरा नियम केला: “जाहिरातीखाली राम राम, नमस्कार, जय हरी इत्यादी घालू नये. विचारायचं ते विचारावं आणि जावं.”

लोक पेटले. ते काही भास्करच्या जाहिरातीखाली भांडले नाहीत. सगळे माझ्या कुकरखाली आले. “तुमच्या घरी पाव्हणे येतात का न्हाई?” “आईबापांनी काई शिकवलं का?” एका म्हाताऱ्यानं तर नातवाकडून लिहवून घेतलं, “तुझ्या कुकरात हळद कच्ची ऱ्हाईल.” आणि वाचकहो, गंमत बघा. एकेका शिवीगणिक माझा कुकर वर! रावसाहेबांच्या सालगड्यांनी ट्रॅक्टरला केलं ते शिव्यांनी माझ्या कुकरला केलं. भास्कर पार खाली, फवारणीच्या पंपाखाली, चौकटीखाली, विहिरीखाली. मी दुकानात बसून शिव्या वाचायचो आणि गालातल्या गालात हसायचो. आयुष्यात पहिल्यांदा पहिला पाट मला मिळाला होता.

लोक बघायलाही यायला लागले. मोटारसायकली लागायच्या. मी कुकरवरचं पोतं काढायचो, जोडावरून बोट फिरवून दाखवायचो. एक जण सगळं ऐकून, चहा पिऊन निघाला.

“मंग कसा वाटला कुकर?” मी विचारलं.

“कुकर न्हाई हो. तुमाला बघायला आलतो.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी भास्कर आला, ओरडला, चहा प्याला. सुरुवातीला सांगितलं ते हेच. चहा झाल्यावर त्यानं पुन्हा ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात सुमन मला म्हणाली, “बंदी उठवा. संक्रांतीचं हळदीकुंकू ताईकडं हाय. तितं बाया मला इचारतील, तुजा नवरा असा काहून हाय. काय सांगू?”

“सांग, नियमाचा माणूस हाय.”

“त्येच सांगते दरसाली. आता उठवा.”

उठवली. तांत्रिक अडचणीमुळं बंदी मागं घेत आहोत, असं लिहिलं. अडचण चहाचे कप विसळत होती. लोकांचा राग गेला, शिव्या थांबल्या, आणि माझा कुकर दगड विहिरीत जावा तसा खाली गेला.

हळद उकरायचे दिवस तोंडावर आले. सुमननं करडांसाठी दावं आणून ठेवलं. आणि एका सकाळी भास्करनं आपल्या जाहिरातीखाली लिहिलं:

“राम राम मंडळी. माझा कुकर गेला. ज्यांना मिळाला न्हाई त्यांनी नाराज होऊ नका. हिंगोलीला आमच्या साडूभाऊंचा हाय. माझ्यापेक्षा लई चांगला. माझ्या कुकरचं ठिगळ त्यांनीच मारलं व्हतं, तवा तर यवडे दिवस चालला. बाकी सगळं बेस. राम राम.”

आणि सुरू झाला पाऊस. “राम राम भास्करराव, अभिनंदन.” “राम राम, साडू कुटं ऱ्हातेत?” “राम राम, नंबर द्या.” गेलेल्या कुकरची जाहिरात सगळ्यात वर.

आता नियम काय सांगतो? “गेला” लिहिल्यावर जाहिरात वर घेऊ नये. घेतल्यास चावडीवाला कुलूप लावेल. बोकडाला लावलं होतं. सटवाला लावलं होतं. सगळा जिल्हा बघत होता, आता अप्पा काय करतो. कुलूप लावावं तर माझा कुकर अंगणात राहतो. न लावावं तर मी भास्करच्या राम रामावर जगलो असं होतं. मी फोन हातात घेतला. फोन खाली ठेवला. पुन्हा घेतला. काय सांगू, त्या दिवशी हिंगोलीत नेटवर्कच नव्हतं. बाकी सगळ्या गावाला होतं. माझ्याच फोनला नव्हतं. रावसाहेबांनी घरच्या फोनवर फोन करून विचारलं, “अप्पा, कुलपाचं काय?” मी म्हणालो, “चावी शोधून राहिलो.”

तिसऱ्या प्रहरी साखरा गावचे ज्ञानोबा आले. साधा माणूस, डोक्याला रुमाल. कुकरभोवती एक फेरी मारली, ड्रमवर बोटानं टिचकी मारली, जोडावरून बोट फिरवलं. मी सांगायच्या आधी फिरवलं. भाव विचारला, घासाघीस केली नाही. टेम्पो सोबतच आणला होता.

“लोखंड चांगलं वापरलंय,” म्हणाले.

माझी छाती भरून आली. “तुमी बराबर वळखलं.”

“मी कुटं वळखतो? भास्कररावांनी सांगितलं. राम राम सांगितलाय त्यांनी तुमाला.”

कुकर टेम्पोत चढला. अंगणात त्याच्या खालची गोल जागा उघडी पडली, पिवळ्या गवताची. खरं म्हणजे मी नाचायला पाहिजे होतं. पण मला त्या टेम्पोवर माझ्याच हातानं “भास्कर” असं वेल्डिंग केल्यासारखं वाटत होतं. माझा माल, माझा जोड, माझी चावडी, आणि गिऱ्हाईक त्याचं.

सुमन दावं गुंडाळून ठेवत होती. फोन शेजारी पडला होता. तिनं तो उचलला, काहीतरी लिहिलं, ठेवला. मला बघायची गरज नव्हती. दाजीलाच.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही.

“इतके दिवस रोज सकाळी त्याला राम राम घातला तू,” मी म्हणालो. “नवऱ्याचा कुकर त्याच चावडीवर व्हता. त्याच्याखाली एक दिवस तरी चार अक्षरं काहून लिहिली न्हाईस?”

तिनं दावं खुंटीला अडकवलं.

“तुमी कवा घातला राम राम,” ती म्हणाली, “की मी परत घालू?”